विश्लेषण : खेळायचे की लढायचे? ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू ब्रूस स्लॉसची कहाणी आजही का सांगितली जाते?

ऑस्ट्रेलियातील लोकप्रिय फुटबॉलचा एक नामांकित खेळाडू. युद्ध सुरू झाले त्याच महिन्यात तो देशभरातील संघांच्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरला. पुढे त्याने लष्करी गणवेश चढवला, लंडनमध्ये सैनिकांच्या संघाचे नेतृत्व केले आणि त्यानंतर अवघ्या ६८ दिवसांनी फ्रान्समधील आघाडीवर तोफगोळ्याने त्याचा बळी घेतला. ब्रूस स्लॉसचे आयुष्य २७ वर्षांचेच. मात्र, ‘देश युद्धात असताना खेळ सुरू राहावा का’ या प्रश्नावरून त्या काळी ऑस्ट्रेलियात जो तंटा झाला, त्याचा प्रत्येक टप्पा या आयुष्यात दिसतो. त्याविषयी…

हा फुटबॉल नेमका कोणता?

ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्न शहरात, ‘फुटबॉल’ म्हटले की आपल्याला माहीत असलेला फुटबॉल डोळ्यांसमोर येत नाही. तेथील खेळ ‘ऑस्ट्रेलियन रुल्स’ या नावाने ओळखला जातो. त्याचा उगम क्रिकेटशी जोडलेला आहे. टॉम विल्स हा मेलबर्नमधील गाजलेला क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी तंदुरुस्त राहण्यासाठी एखादा खेळ हवा, असा आग्रह त्याने धरला. त्यातून मे १८५९ मध्ये मेलबर्न क्लबच्या मंडळींनी या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली ती त्यानंतर चार वर्षांनी, १८६३ मध्ये.

हा खेळ क्रिकेटच्या लंबगोल मैदानावरच खेळला जातो. चेंडूही रग्बीसारखा लंबगोल असतो. आज एका संघात मैदानावर १८ खेळाडू असतात. दोन्ही टोकांना प्रत्येकी चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथाडला तर ‘गोल’, म्हणजे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे एकच गुण. त्यामुळे धावफलकावर ६.१६ (५२) असे आकडे दिसले, तर सहा गोल, १६ बिहाइंड आणि एकूण ५२ गुण असा त्याचा अर्थ. क्रिकेटमुळे आपल्या परिचयाचे झालेले मेलबर्न क्रिकेट ग्राऊंड या फुटबॉलचेही सर्वांत मोठे मैदान आहे.

या खेळाची प्रमुख स्पर्धा असलेली ‘व्हिक्टोरियन फुटबॉल लीग’ १८९७ मध्ये आठ क्लबांसह सुरू झाली. १९०८ मध्ये रिचमंड आणि युनिव्हर्सिटी हे दोन क्लब आल्याने ही संख्या दहावर गेली. स्लॉस याच लीगमध्ये नावारूपाला आला.

ब्रूस स्लॉस कोण होता?

स्लॉसचा जन्म २१ जानेवारी १८८९ रोजी मेलबर्नच्या मॅल्व्हर्न उपनगरात झाला. लीगमधील त्याची सुरुवात एसेंडन क्लबकडून झाली. १९०७ आणि १९०८ या दोन हंगामांत त्याला तेथे मोजकेच सामने मिळाले. मग तो दुय्यम समजल्या जाणाऱ्या स्पर्धेतील ब्रायटन क्लबकडे गेला. तेथून १९१० मध्ये तो साउथ मेलबर्नमध्ये आला आणि पुढील पाच हंगामांत लीगमधील आघाडीच्या खेळाडूंमध्ये त्याची गणना होऊ लागली.

त्या काळात साउथ मेलबर्नला विजेतेपदाने दोनदा हुलकावणी दिली. १९१२ च्या अंतिम सामन्यात एसेंडनने त्यांना ४७-३३ असे हरवले. १९१४ चा पराभव अधिक जिव्हारी लागणारा होता. कार्लटनने तो सामना ४५-३९ असा जिंकला. फरक सहा गुणांचा, म्हणजे फक्त एका गोलचा. त्या सामन्यात कार्लटनने १५ वेळा गुण मिळवले, तर साउथ मेलबर्नने १९ वेळा. मात्र, साउथ मेलबर्नच्या १९ पैकी १५ प्रयत्नांवर एकेकच गुण मिळाला.

हा सामना सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस झाला. तोवर युद्ध सुरू होऊन जवळपास दोन महिने लोटले होते. लीगमध्ये स्लॉसचा तोच शेवटचा हंगाम ठरला.

युद्ध सुरू झाले तेव्हा तो कुठे होता?

ऑगस्ट १९१४ मध्ये सिडनी येथे ऑस्ट्रेलियातील विविध राज्यांच्या संघांची मोठी स्पर्धा भरली होती. या खेळाला पन्नासहून अधिक वर्षे झाल्याच्या निमित्ताने तिला सुवर्णमहोत्सवी स्पर्धा म्हटले गेले. ब्रिटनने ४ ऑगस्ट रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. ऑस्ट्रेलिया तेव्हा ब्रिटिश साम्राज्याचा भाग होता. त्यामुळे ब्रिटनचे युद्ध ते आपोआपच ऑस्ट्रेलियाचेही झाले. स्पर्धा मात्र ठरल्याप्रमाणे पार पडली. व्हिक्टोरियाने विजेतेपद मिळवले आणि व्हिक्टोरियाकडून खेळणारा स्लॉस स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कारकीर्दीतील सर्वोच्च क्षण आणि महायुद्धाची सुरुवात एकाच महिन्यात यावी, हा योगायोग होता. मात्र, त्यानंतर जे घडले त्याला योगायोग म्हणता येणार नाही. धडधाकट शरीर, मैदानावरील नाव आणि हजारोंच्या टाळ्या ही खेळाडूची जमेची बाजू. युद्ध सुरू होताच हीच बाजू त्याच्याकडे बोट दाखवण्याचे कारण बनली.

खेळाडूंवर टीका का होऊ लागली?

ऑस्ट्रेलियाचे परदेशी पाठवलेले सैन्य पूर्णपणे स्वयंसेवकांचे होते. लढण्यासाठी देशाबाहेर जाण्याची सक्ती करणारा कायदा नव्हता. कायद्याचा धाक नसल्याने भरतीसाठी उरले ते आवाहन, भित्तिपत्रके, सभा आणि सामाजिक दडपण. २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या तुकड्या तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्या. पहिल्याच दिवशी मारल्या गेलेल्यांमध्ये लीगमधील काही फुटबॉलपटूही होते. साउथ मेलबर्नचा चार्ली फिंचर हा त्यांपैकी एक.

मृतांच्या याद्या वर्तमानपत्रांत छापून येऊ लागल्या आणि शनिवारच्या सामन्यांवरील टीकेला धार चढली. तिकडे मुले मरत असताना इकडे तरुण चेंडूमागे कसे धावतात आणि हजारो लोक ते बघायला कसे जातात, असा सवाल विचारला जाऊ लागला. पगारी खेळाडूंवर तर विशेष रोष होता. लीगने १९११ मध्ये खेळाडूंना मानधन देण्यास अधिकृत मान्यता दिली होती. त्यामुळे पैसे घेऊन खेळणारा तो स्वार्थी आणि मोफत लढायला जाणारा तो देशभक्त, अशी सोपी विभागणी काहींनी केली. प्रत्यक्षात सैनिकालाही वेतन मिळत असे, ही बाब या युक्तिवादात सोयीस्करपणे वगळली गेली.

दुसरी बाजूही होती. आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या कामगाराचा शनिवार दुपारचा हा एकमेव विरंगुळा. तो बंद केल्याने सैनिकांची संख्या वाढेल, याची खात्री कोण देणार? शिवाय घोड्यांच्या शर्यती सुरू आहेत, नाट्यगृहे भरलेली आहेत, मग फुटबॉलवरच रोष का, असा प्रश्न कामगार वस्त्यांतून विचारला जात होता.

क्लबांनी काय भूमिका घेतली?

याबाबत क्लबांमध्ये एकमत नव्हते. डॉक्टर, वकील होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांचा युनिव्हर्सिटी क्लब १९१४ च्या हंगामानंतर लीगमधून बाहेर पडला. त्या क्लबने सलग ५१ सामने गमावले होते. त्यामुळे युद्ध हे एकच कारण नव्हते. मात्र, तो पुन्हा लीगमध्ये आलाच नाही. त्याच्या अनेक माजी खेळाडूंनी युद्धात प्राण गमावले.

१९१५ मध्ये हंगाम मध्येच थांबवण्याचा प्रस्ताव लीगपुढे आला, पण आवश्यक तेवढे बहुमत मिळाले नाही. सेंट किल्डा क्लबने तर आपल्या पोशाखाचे रंगच बदलले. लाल, पांढरा आणि काळा हे त्यांचे रंग जर्मन साम्राज्याच्या ध्वजाचेही होते. म्हणून पांढऱ्याऐवजी पिवळा घेऊन त्यांनी बेल्जियमच्या ध्वजाचे रंग स्वीकारले.

१९१६ मध्ये केवळ चार क्लब मैदानात उतरले : कार्लटन, कॉलिंगवूड, फिट्झरॉय आणि रिचमंड. हे चारही शहराच्या मध्यभागाजवळील, प्रामुख्याने कामगार वस्त्यांतील क्लब. साउथ मेलबर्न त्या वर्षी खेळलाच नाही. चारच संघ असल्याने सर्वच अंतिम फेऱ्यांसाठी पात्र ठरले आणि एक अजब निकाल लागला. साखळीतील १२ पैकी फक्त दोन सामने जिंकून तळाला राहिलेल्या फिट्झरॉयने पुढील सामने जिंकत विजेतेपद पटकावले. एकाच हंगामात शेवटचा आणि पहिला क्रमांक मिळवणारा हा संघ त्या विस्कटलेल्या वर्षाची आठवण म्हणून आजही सांगितला जातो.

स्लॉस युद्धावर कसा पोहोचला?

स्लॉस सैन्यात भरती झाला आणि अधिकारी बनला. त्याची नेमणूक दहाव्या मशीनगन कंपनीत झाली. त्या काळी प्रत्येक ब्रिगेडसोबत अशी एक कंपनी असे आणि तिच्याकडे १६ विकर्स मशीनगन असत. पाण्याने थंड होणारी ही जड बंदूक तिवईवर ठेवावी लागे. ती वाहून नेण्यासाठी, तिला गोळ्यांचे पट्टे पुरवण्यासाठी आणि पाणी भरण्यासाठी अनेक जणांची तुकडी लागे. सहज हलवता न येणारी ही शस्त्रे शत्रूच्या तोफखान्याचे आवडते लक्ष्य असत.

ही कंपनी ऑस्ट्रेलियाच्या तिसऱ्या डिव्हिजनचा भाग होती. १९१६ मध्ये उभारलेली ही डिव्हिजन इंग्लंडमधील सॅलिसबरी मैदानावर प्रशिक्षण घेत होती. तिचे प्रमुख होते जॉन मोनॅश. मेलबर्नमध्ये जन्मलेले, पेशाने स्थापत्य अभियंता असलेले मोनॅश पुढे १९१८ मध्ये फ्रान्समधील संपूर्ण ऑस्ट्रेलियन दलाचे सेनापती झाले.

स्लॉस आणि त्याचे सहकारी इंग्लंडमध्ये कवायती करत असताना फ्रान्समध्ये इतर ऑस्ट्रेलियन तुकड्यांची वाताहत सुरू होती. जुलै १९१६ मध्ये फ्रोमेल येथे एका रात्रीत पाचव्या डिव्हिजनचे साडेपाच हजारांवर सैनिक मृत, जखमी किंवा बंदी झाले. त्यापाठोपाठ पोझिएर परिसरात सुमारे सहा आठवड्यांत अशीच हानी २३ हजारांच्या घरात गेली. एवढी माणसे आणायची कुठून, हा प्रश्न आता लष्करापुरता राहिला नाही. तो थेट मतपेटीपर्यंत पोहोचला.

लंडनमधील सामना काय होता?

२८ ऑक्टोबर १९१६, शनिवार. लंडनच्या वेस्ट केन्सिंग्टन भागातील क्वीन्स क्लब. टेनिसप्रेमींना हे ठिकाण विम्बल्डनपूर्वीच्या हिरवळीवरील स्पर्धेमुळे ठाऊक आहे. त्या दिवशी येथे ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या दोन संघांमध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा प्रदर्शनीय सामना झाला. आयोजनात पुढाकार होता फ्रँक बोरपेअर यांचा. हे स्वतः ऑलिम्पिक पदकविजेते जलतरणपटू. वायएमसीए संस्थेच्या वतीने ते तिसऱ्या डिव्हिजनसोबत होते. सामन्याचा निधी रेड क्रॉसच्या मदतकार्यासाठी होता.

तिसऱ्या डिव्हिजनच्या संघाचा कर्णधार होता स्लॉस. समोर प्रशिक्षण तुकड्यांचा संघ होता. त्याचा कर्णधार चार्ली पेरी हा दक्षिण ऑस्ट्रेलियातील नॉरवूड क्लबचा नावाजलेला खेळाडू आणि पेशाने धर्मोपदेशक. स्लॉसच्या संघाच्या निळ्या पोशाखावर ऑस्ट्रेलियाचा पांढरा नकाशा होता, तर पेरीच्या संघाच्या लाल पोशाखावर पांढरा कांगारू. प्रेक्षकांमध्ये हजारो सैनिकांसोबत ब्रिटनचे युवराज आणि पदच्युत झालेले पोर्तुगालचे राजे मॅन्युएल दुसरे हेही होते. कॉलिंगवूडचा डॅन मिनोग, फिट्झरॉयचा जॅक कूपर, रिचमंडचा लेस ली असे लीगमधील एकापेक्षा एक खेळाडू मैदानात होते. युद्धामुळे मेलबर्नच्या मैदानांवरून गायब झालेले चेहरे लंडनमध्ये एकत्र दिसत होते.

स्लॉसच्या संघाने सामना ५२-३६ असा जिंकला. इंग्लंडच्या प्रेक्षकांना नियम फारसे उमगले नसावेत, पण उंच उड्या आणि लांब लाथा समजायला नियमांची गरज नव्हती. या सामन्याचे छोटेसे मूक चित्रण सुदैवाने टिकले आहे.

सामन्याच्या तारखेला महत्त्व का?

कारण नेमक्या त्याच दिवशी, २८ ऑक्टोबर १९१६ रोजी, ऑस्ट्रेलियात सार्वमत होते. पंतप्रधान बिली ह्यूज यांना परदेशी लढण्यासाठी सक्तीची भरती हवी होती. त्यावर जनतेचा कौल मागण्यात आला. कामगार संघटनांचा मोठा भाग विरोधात होता. आयर्लंडमधील उठाव ब्रिटनने त्याच वर्षी चिरडल्याने आयरिश वंशाचे अनेक कॅथलिकही नाराज होते. सत्ताधारी मजूर पक्ष या प्रश्नावरून फुटला.

निकाल थोडक्या फरकाने सरकारविरोधी लागला. सक्तीच्या बाजूने १० लाख ८७ हजार ५५७, तर विरोधात ११ लाख ६० हजार ३३ मते पडली. त्याहून बोलका होता सैनिकांचा कौल. सैनिक एकमुखाने सक्तीच्या बाजूने उभे राहतील, असा सरकारचा होरा होता. प्रत्यक्षात ७२ हजार ३९९ सैनिकांनी होकार दिला, तर ५८ हजार ८९४ सैनिकांनी नकार. म्हणजे स्वतः खंदकात उभे असलेल्यांपैकी जवळपास ४५ टक्के जणांना दुसऱ्याला बळजबरीने तेथे आणणे मान्य नव्हते.

या पार्श्वभूमीवर क्वीन्स क्लबवरील सामना वेगळा दिसतो. मायदेशी जो खेळ कामचुकारपणाचे लक्षण ठरवला जात होता, तोच लंडनमध्ये ऑस्ट्रेलियन मर्दुमकीचा नमुना म्हणून राजघराण्यापुढे सादर होत होता. खेळाडू तेच, चेंडू तोच, नियमही तेच. बदलला होता तो फक्त मैदानाबाहेर उतरवून ठेवलेला पोशाख. साध्या कपड्यांतील खेळाडू संशयाचा धनी आणि गणवेशातील खेळाडू अभिमानाचा विषय, हा त्या काळचा न्याय होता.

स्लॉसचा मृत्यू कसा झाला?

तिसरी डिव्हिजन नोव्हेंबर १९१६ मध्ये फ्रान्सला पोहोचली. बेल्जियमच्या सीमेलगत असलेल्या आर्मेंतिएर शहराजवळची आघाडी तिच्याकडे सोपवण्यात आली. हा भाग तुलनेने शांत समजला जाई. नव्या तुकड्यांना खंदकांची सवय व्हावी म्हणून त्यांना आधी येथे आणले जात असे. त्यामुळे सैनिकांच्या बोलीत या भागाला चक्क ‘बालवाडी’ या अर्थाचे नाव पडले होते.

मात्र, शांत आघाडीवरही रोज माणसे मरत. कोणताही मोठा हल्ला नसताना तोफगोळे पडत, रात्रीच्या धाडी होत, टेहळणीदार नेम साधत. ४ जानेवारी १९१७ रोजी आर्मेंतिएरजवळ जर्मन तोफगोळ्याने स्लॉसचा बळी घेतला. अठ्ठाविसावा वाढदिवस १७ दिवसांवर आला होता. ज्या लढाईचे नाव इतिहासाच्या पुस्तकात सापडते, अशा कोणत्याही लढाईत तो पडला नाही. आर्मेंतिएरच्या सिते बाँजाँ युद्धस्मशानभूमीत त्याचे दफन झाले.

लंडनच्या सामन्यातील तो एकटाच बळी नव्हता. जॅक कूपर आणि लेस ली हेही १९१७ मध्येच युद्धात मारले गेले. डॅन मिनोग मात्र परतला आणि त्याच्या नेतृत्वाखाली रिचमंडने १९२० आणि १९२१ मध्ये विजेतेपद मिळवले. एकाच दिवशी एकाच मैदानावर धावलेल्यांपैकी कोणाच्या वाट्याला काय येईल, हे कौशल्यावर अवलंबून नव्हते.

या आघाडीशी भारताचा काय संबंध?

आर्मेंतिएरच्या नैर्ऋत्येला, फार दूर नसलेल्या न्यूव्ह शापेल येथे मार्च १९१५ मध्ये भारतीय सैन्याने मोठी लढाई दिली होती. पश्चिम आघाडीवर मारल्या गेलेल्या आणि थडगे नसलेल्या साडेचार हजारांहून अधिक भारतीयांची नावे तेथील स्मारकावर कोरलेली आहेत. १९१५ च्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे हलवण्यात आले. तेथे कूतच्या वेढ्यात अडकलेल्यांमध्ये मराठा पलटणीही होत्या.

भारतीय सैन्यातही भरती कागदोपत्री ऐच्छिकच होती. फरक होता तो विचारणा करण्याचा. ऑस्ट्रेलियन सैनिकाला खंदकात मतपत्रिका मिळाली. भारतीय शिपायाला त्याच्या भूमीवरील राज्यकर्त्यांबद्दलही मत देण्याचा हक्क नव्हता.

युद्धानंतर या खेळाचे काय झाले?

ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांहून कमी होती. त्यांतील चार लाखांहून अधिक जण सैन्यात गेले आणि सुमारे ६० हजार परतले नाहीत. सक्तीच्या भरतीवरील दुसरे सार्वमत डिसेंबर १९१७ मध्ये झाले. या वेळी नकाराचे मताधिक्य आणखी वाढले. भरतीसाठी मग खेळाडूंनाच साद घालण्यात आली. ‘खेळाडूंचे सहस्र’ अशा अर्थाची मोहीम १९१७ मध्ये निघाली. तिच्या भित्तिपत्रकावर व्हिक्टोरिया क्रॉस विजेत्या अल्बर्ट जॅकाचे छायाचित्र होते. ज्यांना कालपर्यंत दूषणे दिली, त्यांनाच आज एकत्र लढायला चला म्हणून साकडे घालण्यात आले.

लीग मात्र हळूहळू सावरली. १९१७ मध्ये साउथ मेलबर्न परतला. १९१८ मध्ये आठ क्लब खेळू लागले आणि त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात साउथ मेलबर्नने कॉलिंगवूडला ६२-५७ असे नमवले. चार वर्षांपूर्वी एका गोलने हुकलेले विजेतेपद या वेळी पाच गुणांनी हाती आले. स्लॉसला जाऊन तेव्हा दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. नववा क्लब मेलबर्न १९१९ मध्ये परतला आणि लीग पुन्हा पूर्ण झाली.

आज या कहाणीचे महत्त्व काय?

साउथ मेलबर्न हा क्लब आर्थिक अडचणींमुळे १९८२ मध्ये सिडनीला हलवण्यात आला. आजचा ‘सिडनी स्वान्स’ तो हाच. ज्या शहरात स्लॉस ऑगस्ट १९१४ मध्ये देशातील सर्वोत्तम ठरला होता, त्याच शहरात त्याचा क्लब आता नांदतो आहे. या क्लबने १९३३ नंतरचे पहिले विजेतेपद थेट २००५ मध्ये मिळवले.

दुसरीकडे, २५ एप्रिल हा ‘अँझॅक दिन’ आणि फुटबॉल यांचे नाते आता घट्ट झाले आहे. १९९५ पासून या दिवशी मेलबर्न क्रिकेट ग्राऊंडवर कॉलिंगवूड आणि एसेंडन यांच्यात सामना होतो. सामन्यापूर्वी बिगूल वाजतो आणि खचाखच भरलेले मैदान स्तब्ध उभे राहते. खेळाडू आणि सैनिक ही जणू एकाच नाण्याची दोन नावे असावीत, असे त्या वेळी वाटते.

मात्र, १९१५-१६ मधील वाद लक्षात घेतला, तर हे नाते इतके सरळ नव्हते हे कळते. ज्या शनिवारच्या सामन्यांवर तेव्हा बंदीची मागणी होत होती, त्याच खेळाच्या मैदानावर आज युद्धातील मृतांना सर्वांत मोठी मानवंदना दिली जाते. मागे राहून खेळलेले सगळे भित्रे नव्हते आणि गेलेले सगळे एकाच कारणाने गेले नव्हते. कोणी कर्तव्य म्हणून गेला, कोणी मित्र गेले म्हणून, कोणी टोमणे असह्य झाले म्हणून. जायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क मात्र त्या समाजाने दोन वेळा मतदान करून माणसाच्या हाती ठेवला, आणि तो टिकवण्यात खंदकांतील हजारो मतांचाही वाटा होता.

स्लॉसच्या मागे उरले ते एका स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान, अंतिम सामन्यातील सहा गुणांची सल, लंडनमधील एका शनिवारचे मूक चित्रण आणि आर्मेंतिएर येथील थडगे. त्या चित्रणातील माणसे चेंडूमागे धावताना दिसतात. त्यांच्या देशात त्याच दिवशी त्यांच्यासारख्यांच्या आयुष्यावर मतदान होत होते. त्याचा निकाल त्यांना अजून ठाऊक नव्हता.